‘सोने सापडले’ म्हणजे नेमके काय सापडले?

नागपूर-जबलपूर मार्गावरील कन्हान हे गाव भूगर्भशास्त्राच्या नकाशावर मोठ्या मोक्याच्या जागी वसले आहे. गावाच्या अवतीभवती कामठी कोळसा क्षेत्र असून इंदर, गोंडेगाव, कामठी या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींची नावे येथील प्रत्येकाच्या तोंडी असतात. उत्तरेला मनसर-कांद्रीचा मँगनीज पट्टा आहे, तर पश्चिमेला दख्खनच्या काळ्या बेसाल्टचे राज्य सुरू होते. छिंदवाड्याच्या सातपुड्यातून आलेली कन्हान नदी मात्र येथून आग्नेयेकडे वळते आणि कुही तालुक्यात आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. त्या दिशेला कोळसाही नाही आणि मँगनीजही नाही. तेथे आहे भूवैज्ञानिक ज्याला ‘साकोली पट्टा’ म्हणतात तो नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत पसरलेला प्राचीन खडकांचा त्रिकोणी प्रदेश. सोने आणि तांब्याच्या ज्या नोंदींवरून विदर्भात अधूनमधून खळबळ उडते, त्यांपैकी अनेक याच त्रिकोणातील आहेत.

या खळबळीचा एक ठळक प्रसंग डिसेंबर २०२२ मधला. नागपुरात ‘माइनकॉन’ या खाणविषयक परिषदेत तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील दोन ब्लॉकमध्ये सोन्याचे साठे असण्याची शक्यता व्यक्त केली. मिंझरी आणि बामणी ही दोन नावे त्यानंतर वृत्तपत्रांतून झळकली. मुख्यमंत्र्यांच्या विधानात ‘शक्यता’ हा शब्द होता. मथळ्यांत तो फारसा टिकला नाही. ‘विदर्भात सोन्याची खाण’ येथपर्यंत मजल जायला वेळ लागला नाही.

वस्तुतः नागपूरइतके या विषयातील जाणकार देशातील क्वचितच दुसऱ्या शहरात असतील. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय मुख्यालय, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय, १९७२ मध्ये स्थापन झालेली मिनरल एक्सप्लोरेशन ही केंद्र सरकारची कंपनी, ‘मॉयल’, वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, या सगळ्यांच्या इमारती या एका शहरात आहेत. असे असूनही खनिजाची नोंद, खनिजाचा साठा आणि खाण या तीन वेगळ्या गोष्टी एकच मानण्याची सवय सुटलेली नाही, आणि या सवयीची किंमत ज्या गावांच्या नावाने बातमी छापली जाते त्यांना मोजावी लागते.

टनावारी हिशेबाचा घोळ

या घोळाचे देशातील सर्वात गाजलेले उदाहरण उत्तर प्रदेशातील सोनभद्रचे. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे सुमारे तीन हजार टन सोने सापडल्याचे जिल्हा पातळीवरून सांगण्यात आले आणि देशभर त्याचा गाजावाजा झाला. काही दिवसांतच भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला की, अंदाज आहे तो ५२,८०६ टन खनिजयुक्त दगडाचा, त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोने आहे आणि त्यातून मिळू शकणारे एकूण सोने सुमारे १६० किलो आहे. तीन हजार टन आणि १६० किलो यांत जवळपास एकोणीस हजार पटींचे अंतर आहे.

बिहारमधील जमुईची कथाही याच जातीची आहे. बिहारमध्ये देशातील सुमारे ४४ टक्के सुवर्णखनिज असल्याची आकडेवारी संसदेत दिली गेली. २२ कोटी २८ लाख टनांचा तो आकडा अनेकांनी सोन्याचाच आकडा म्हणून वाचला. तो दगडाचा होता. त्यातील सोने ३७.६ टन. भागाकार केला तर टनामागे ०.१७ ग्रॅम एवढेच प्रमाण निघते. चाळीस टन दगड फोडून, दळून, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून अर्धा तोळा सोने हाती यावे, असा हा हिशेब आहे.

राष्ट्रीय पातळीवरचे चित्रही बोलके आहे. १ एप्रिल २०१५ च्या राष्ट्रीय खनिज सूचीनुसार देशातील प्राथमिक सुवर्णखनिज ५० कोटी १८ लाख टनांचे आहे. यापैकी आजच्या तंत्राने आणि दराने काढणे परवडेल, असे ज्याविषयी म्हणता येते तो ‘राखीव साठा’ केवळ १ कोटी ७२ लाख टन. म्हणजे शंभर टनांमागे साडेतीन टनही नाही. उर्वरित सारे ‘संसाधन’ या सदरात मोडते. ते आहे, पण कमी-अधिक अनिश्चिततेसह आहे, किंवा आहे पण परवडत नाही. साकोली पट्ट्यातील सोन्याच्या बहुतेक जागा या दुसऱ्या सदराच्याही उंबरठ्यावर आहेत. त्यांना शास्त्रीय भाषेत ‘आढळ’ म्हणतात. खनिज डोळ्यांना किंवा प्रयोगशाळेला दिसले, एवढाच त्याचा अर्थ. त्याचा विस्तार किती, खोली किती, सातत्य आहे काय, या प्रश्नांची उत्तरे आढळ देत नाही.

मँगनीजची थरे, सोन्याच्या शिरा

कन्हानच्या उत्तरेकडचे मँगनीज आणि आग्नेयेकडचे सोने यांच्या स्वभावातील फरक समजला तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. मनसर, कांद्री, गुमगाव येथील मँगनीज हे प्राचीन समुद्रतळावर थरांच्या रूपाने साचलेल्या गाळातून घडले. पुढे दाब आणि उष्णतेने त्या थरांना घड्या पडल्या, ते कठीण झाले, परंतु थर तो थरच राहिला. एका ठिकाणी सापडला की पुढे कोठे जाईल याचा माग काढता येतो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटला या भागात झपाट्याने हातपाय पसरता आले आणि त्याच वारशावर १९६२ पासून ‘मॉयल’ उभी आहे. कामठीचा कोळसाही थरांचाच.

सोन्याचे तसे नाही. साकोली पट्ट्यात अभ्रकयुक्त स्तरित खडक, क्वार्टझाइट, रूपांतरित ज्वालामुखीय खडक असे मिश्र कुटुंब आहे. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वीच्या भूकवचातील हालचालींनी हे खडक दुमडले, काही अरुंद पट्ट्यांत अक्षरशः चिरडले गेले. या चिरडलेल्या पट्ट्यांतून खोलवरचे उष्ण, खनिजयुक्त द्रव वर चढले. दाब आणि तापमान उतरताच त्यांतील सिलिका गारगोटीच्या शिरांच्या रूपाने गोठली आणि तिच्यासोबत गंधकयुक्त खनिजे बसली. पायराइट, आर्सेनोपायराइट आणि तांब्याचे कॅल्कोपायराइट ही त्यांपैकी प्रमुख. आयुर्वेदात ज्याचे भस्म करतात ते ‘सुवर्णमाक्षिक’ म्हणजे हेच कॅल्कोपायराइट. त्याला सोन्याचे नाव मिळाले ते केवळ रंगावरून. त्यात असते ते तांबे, लोखंड आणि गंधक. खरे सोने असलेच तर या खनिजांच्या कडेकपारीत, बहुतेक वेळा डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात असते.

सोने आणि तांबे एकत्र का आढळतात, याचे उत्तरही यातच आहे. एकाच द्रवाने दोघांना वाहून आणलेले असते. पृष्ठभागावर मात्र ओळख पटते ती तांब्याची. कॅल्कोपायराइटवर हवा-पाण्याचा परिणाम होऊन मॅलॅकाइटचे हिरवट डाग खडकावर उमटतात आणि लोहगंजाची तांबूस-पिवळी टोपी तयार होते. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातील पुल्लर-परसोडी परिसरातील सोने-तांब्याचा शोध हा अशाच छोट्या, तुटक शिरांच्या मागावरचा शोध आहे. शीर काही मीटर जाते, बारीक होते, नाहीशी होते, पुन्हा बाजूला उगवते. एका शिरेत कोठे सोने साकळलेले, तर हातभर अंतरावर काहीच नाही, असे घडते. एकाच ड्रिलच्या गाभ्याचे उभे दोन भाग करून ते दोन प्रयोगशाळांत पाठविले तर वेगवेगळे निकाल येऊ शकतात. यात कोणी लबाडी केलेली नसते. कणांच्या रूपात विखुरलेल्या सोन्याचा तो स्वभावच आहे. चांगल्या निकालाच्या एका नमुन्यावर विसंबून बातमी देणे किती धोक्याचे, हे यावरून लक्षात यावे.

या खडकांतून झिजून नद्यांत उतरणाऱ्या सोन्याची मात्र लोकांना फार पूर्वीपासून माहिती होती. वैनगंगेच्या खोऱ्यासह मध्य प्रांतातील नद्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणाऱ्या सोनझारा समाजाची नोंद रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या जातीविषयक ग्रंथात केली आहे. सराफांच्या दुकानांतील राख आणि केर धुऊन त्यातूनही हा समाज धातू मिळवीत असे. नदीतील सोन्यावरच पोट भरले असते तर सराफाचा केर धुण्याची वेळ त्यांच्यावर का आली असती?

शोध कसा घेतला जातो

आढळापासून खाणीपर्यंतच्या प्रवासाचे चार टप्पे मानले जातात. टोही सर्वेक्षण हा पहिला टप्पा जी-४ या सांकेतिक नावाने ओळखला जातो. पुढे प्राथमिक, सर्वसाधारण आणि तपशीलवार असे जी-३, जी-२ आणि जी-१ हे टप्पे येतात. पहिल्या टप्प्यात नकाशे काढले जातात, ओढ्या-नाल्यांतील गाळ आणि माती तपासली जाते, अब्जांशाच्या पातळीवर सोन्याच्या खुणा शोधल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात चर खणून खडक उघडा करतात, ठरावीक अंतराने नमुने घेतात आणि मोजकी ड्रिल मारतात. सोन्याच्या बाबतीत खरी कसोटी पुढेच असते. शिरा तुटक असल्यामुळे ड्रिलची छिद्रे जवळजवळ घ्यावी लागतात आणि प्रत्येक मीटरचा खर्च वाढत जातो. पूर्व विदर्भात भर आहे ती भातखाचरे, लॅटेराइट आणि मातीच्या जाड थराची. उघडा खडक थोडा दिसतो. त्यामुळे बरेचसे काम अंदाजाने आणि भूभौतिकी उपकरणांच्या मदतीने चालते. विमानातून चुंबकीय आणि किरणोत्सारी मोजमाप घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्यामागेही झाकलेल्या खडकांचा माग काढणे हाच हेतू होता.

या भागातील भूवैज्ञानिक परंपरा जुनी आहे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावरील आपला अभ्यास १८५५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केला होता. हिस्लॉप १८६३ मध्ये नागपूरजवळ पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत येथील दगडन् दगड पाहिला गेला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु कोणी पाहिलेच नाही, असे म्हणणे त्याहून चुकीचे आहे. उमरेड-भिवापूर भागातील कोलारी-भावरी येथील जस्त, कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यातील टंगस्टन, चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथील तांबे हे सर्व भूवैज्ञानिकांना दशकानुदशके ठाऊक आहे. ‘नव्याने सापडले’ म्हणून जे सांगितले जाते, ते अनेकदा जुन्या अहवालांतून वर काढलेले असते.

मग आताच ही ओढ का? पहिले कारण दराचे. सोन्याने २०२५ मध्ये दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या दराने टनामागे एक ग्रॅम सोने असलेल्या दगडाची ढोबळ किंमत दहा हजार रुपये होते. यातून उत्खनन, दळण, सायनाइडची प्रक्रिया, वाहतूक आणि कर वजा व्हायचे असतात. तांब्याचा हिशेब लोकांच्या फारसा लक्षात येत नाही. तांबे किलोला आठशे रुपयांच्या घरात धरले, तर एक टक्का तांबे असलेल्या एक टन दगडात आठ हजार रुपयांचा धातू असतो. म्हणजे एक टक्का तांबे हे जवळपास एक ग्रॅम सोन्याच्या तोडीचे. शिवाय तांब्याचे साठे सोन्यापेक्षा मोठे आणि सलग असण्याची शक्यता अधिक असते. बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड ही हिंदुस्तान कॉपरची खाण देशातील सर्वात मोठी तांब्याची खाण आहे आणि ती नागपूरपासून फार दूर नाही. विजेच्या तारा, मोटारी, सौरऊर्जा या सर्वांना तांबे लागते. विदर्भाने सोन्याच्या मथळ्यांपेक्षा तांबे, जस्त आणि टंगस्टन यांच्या अहवालांकडे लक्ष दिले तर ते अधिक शहाणपणाचे ठरेल. पण ‘जस्त सापडले’ या मथळ्यावर कोण थांबणार?

देश दरवर्षी सातशे-आठशे टन सोने आयात करतो. त्यापुढे साकोली पट्ट्यातील एखादी छोटी शीर किती भर घालणार? कोलार गोल्ड फील्ड्सने शंभराहून अधिक वर्षांत सुमारे आठशे टन सोने दिले. म्हणजे एका शतकाची कमाई आपण एका वर्षात आयात करतो. तीन किलोमीटरहून अधिक खोल गेलेली ती खाण फेब्रुवारी २००१ मध्ये बंद झाली ती सोने संपले म्हणून नव्हे, काढणे परवडेना म्हणून. मागे राहिले ते सायनाइडने धुतलेल्या मातीचे डोंगर, जे वारा सुटला की आजही उडतात.

कायदा बदलला, अनिश्चितता गावाकडे

दुसरे कारण कायद्याचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात जानेवारी २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन लिलावाची पद्धत आली. त्यापूर्वी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ होते आणि त्यातील गैरप्रकार सर्वश्रुत आहेत. लिलावासाठी सुरुवातीला बऱ्यापैकी संशोधन झालेले असणे आवश्यक होते. २०२१ मध्ये नियम शिथिल होऊन केवळ जी-४ पातळीची माहिती असलेले ब्लॉकही पूर्वेक्षण-सह-खाणपट्टा अशा संयुक्त परवान्यासाठी लिलावात काढण्याची मुभा मिळाली. ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी पुढचे पाऊल पडले. सोने, चांदी, तांबे, जस्त यांसारख्या खोलवरच्या आणि महत्त्वाच्या २९ खनिजांसाठी ‘अन्वेषण परवाना’ हा नवा प्रकार आला. या परवान्याखाली एक हजार चौरस किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र पाच वर्षांसाठी मिळू शकते, मुदत दोन वर्षे वाढू शकते आणि तीन वर्षांनंतर केवळ २५ टक्क्यांपर्यंत क्षेत्र राखून ठेवता येते. परवानाधारकाला पुढे खाण घेणाऱ्याने राज्याला दिलेल्या लिलाव-अधिमूल्यात वाटा मिळतो. या परवान्यांचा देशातील पहिला लिलाव मार्च २०२५ मध्ये गोव्यात जाहीर झाला.

या धोरणामागचा युक्तिवाद चुकीचा नाही. सरकारी संस्था सर्वत्र ड्रिल मारू शकत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात छोट्या खासगी कंपन्या जोखीम पत्करून शोध घेतात, शंभरांपैकी बहुतेक जागा सोडून देतात आणि एखादी खाण उभी राहते. परंतु त्या देशांतील विरळ वस्तीच्या माळरानांची तुलना वैनगंगेच्या खोऱ्याशी करता येत नाही. कंपनीची जोखीम पैशाची असते. गावाची जोखीम वेळेची असते. ज्या शिवाराच्या नावाने ब्लॉक आखला जातो, तेथे जमिनीचे व्यवहार, विहीर खोदण्याचे बेत, मुलांच्या शिक्षणासाठी शेत गहाण टाकण्याचे निर्णय सारे अधांतरी लटकतात. दलाल आधी पोहोचतात, भूवैज्ञानिक नंतर. आणि बहुतेक आढळांच्या बाबतीत शेवटी कंपनी निघून जाते, कारण तेथे खाण होण्यासारखे काही नसते. ती निघून गेल्याची बातमी मात्र छापून येत नाही.

साकोली पट्ट्याच्या नागपूर जिल्ह्यातील भागात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि कुही, भिवापूर, पवनी परिसरातील गावांनी विस्थापनाचा दीर्घ अनुभव घेतला. २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झाले. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती याच मातीत पिकते. धरण, वाघ, मिरची यांच्या जोडीला ‘सोन्याचा ब्लॉक’ आला, तर ग्रामसभेला त्याविषयी काय कळणार? भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अहवाल सार्वजनिक संकेतस्थळावर उपलब्ध होतात, ही चांगली गोष्ट आहे. मात्र ते इंग्रजीत आणि तज्ज्ञांच्या परिभाषेत असतात. ड्रिल कोठे मारले, किती खोल गेले, काय निघाले आणि पुढे काय होणार नाही, एवढे एका पानावर मराठीत गावात लावणे खर्चिक नाही. नागपुरात त्यासाठी लागणारी सगळी कार्यालये हाकेच्या अंतरावर आहेत.

खाण प्रत्यक्षात उभी राहिली तर काय होते, हे पाहायला कन्हानकरांना दूर जावे लागत नाही. कोळशाने या गावाला रोजगार दिला, बाजारपेठ दिली. त्याच कोळशावर चालणाऱ्या कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला तेव्हा राख नाल्यावाटे कोलार नदीत उतरली आणि कोलार पुढे कन्हानलाच मिळते. नागपूर शहराच्या पाण्याचा मोठा वाटा याच नदीतून उचलला जातो. सोन्याच्या प्रक्रियेत सायनाइड लागते आणि आर्सेनोपायराइट असलेल्या खडकात आर्सेनिक असते. आंभोऱ्याजवळच्या संगमापाशी असा प्रकल्प उभा राहिल्यास टाकाऊ गाळाचा बंधारा कोठे असेल आणि तो कोण तपासेल, हा प्रश्न उत्खननाच्या टप्प्यावर नव्हे, लिलावाच्या जाहिरातीच्या आधी विचारला गेला पाहिजे.

भरपाईच्या गणितातही एक फरक दडलेला आहे. २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले आणि बाधित गावांसाठी निधीची तरतूद झाली. जानेवारी २०१५ पूर्वी मंजूर झालेल्या खाणपट्ट्यांच्या धारकांना रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी रक्कम या प्रतिष्ठानात भरावी लागते. त्यानंतर लिलावातून दिलेल्या पट्ट्यांसाठी हे प्रमाण १० टक्के आहे. लिलावाचे अधिमूल्य राज्याच्या तिजोरीत जात असल्याने नव्या खाणधारकावर आधीच भार आहे, असे त्याचे समर्थन केले जाते. परिणामी कन्हान परिसरातील जुन्या खाणीच्या शेजारच्या गावाला रॉयल्टीच्या शंभर रुपयांमागे ज्या निधीतून ३० रुपयांवर हक्क सांगता येतो, त्याच निधीत भिवापूरच्या एखाद्या नव्या खाणीकडून १० रुपये येतील.